गिटार करायचीच, तर

कोल्हापूर,
आषाढ

चि. भाचीस,

तुझ्या पत्राआधी आक्काचा फोन येऊन गेला. ‘ती इलेक्ट्रिक गिटार घरीच करणार म्हणते, तू जरा तिला समजाव,’ असं तिचं म्हणणं. मी काही समजावणार नाही. उद्यमनगरातल्या पॅटर्न शॉपमध्ये माझी हयात गेली. लाकडात माप धरायचं आणि त्या मापावर पुढं लोखंड ओतलं जायचं, हाच माझा धंदा. हातानं काही घडवू पाहणाऱ्या पोरीला मी कुठल्या तोंडानं नको म्हणू? खुशाल कर. फक्त एक गोष्ट खटकली. तुझं सगळं पत्र लाकूड कोणतं आणि रंग कोणता यानं भरलंय, आणि ब्रिज, म्हणजे बॉडीवरचा तारांचा टेका, कुठं बसणार याबद्दल त्यात एक ओळ नाही. म्हणून हे एवढं सविस्तर लिहायला बसलो.

गिटारमध्ये मोजक्याच जागा अशा असतात की तिथं अर्धा मिलिमीटर चुकलेलाही माफ होत नाही. बाकी सगळीकडं तुझी मर्जी चालते. नवा माणूस बरोबर उलटं करतो. आकार आणि रंग यांच्यावर महिने घालवतो, आणि ज्या जागा नडणार त्या अंदाजानं उरकतो. तुझ्या हातून तसं होऊ नये एवढीच माझी इच्छा आहे.

आधी लाकडाचं मिटवून टाकू. सतारीत, तंबोऱ्यात किंवा साध्या गिटारमध्ये आवाज पोकळ पोटातून येतो, तिथं लाकूड सर्वस्व आहे. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिची तार पोलादाची असते, तिच्याखाली चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, हाच पिकअप. तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत इवलासा वीजप्रवाह उमटतो. फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिलेली हीच ती गोष्ट. अ‍ॅम्प्लिफायर तो प्रवाह मोठा करतो. नायलॉनची तार लावलीस तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही.

बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच, हे ऐकून तुला नवल वाटेल. रिकनबॅकर आणि बोशां या जोडीनं अमेरिकेत १९३२ साली आणलेली ती गिटार ओतीव अ‍ॅल्युमिनियमची होती. मांडीवर आडवी घेऊन वाजवायची, आकार गोल आणि लांब दांड्याचा, म्हणून लोक तिला ‘फ्राइंग पॅन’ म्हणत. तिचा पहिला नमुना मात्र लाकडात कोरला होता आणि मग ती धातूत ओतली गेली. आमच्या पॅटर्नवाल्यांना याचा अभिमान वाटला तर चूक नाही. तिची अडचणही धातूचीच होती. स्टेजवरच्या दिव्यांच्या उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियम प्रसरण पावायचं आणि गिटार सुरातून उतरायची. पुढं १९४०च्या सुमारास लेस पॉल या वादकानं न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात, रविवारी कारखाना बंद असताना, चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्यावर तारा आणि पिकअप चढवले. पोकळ गिटार स्पीकरच्या आवाजानं आपोआप घुमू लागते, ते त्याला नको होतं. दिसायला गिटार वाटावी म्हणून त्यानं दोन्ही बाजूंना जुन्या गिटारीचे अर्धे अर्धे भाग जोडले. पन्नाशीच्या दशकात डॅनइलेक्ट्रो कंपनीनं तर लाकडी चौकटीवर मेसोनाइटचा दाबलेला पुठ्ठा ठोकून गिटारी विकल्या आणि त्या आजही मोठमोठे वादक वाजवतात. तेव्हा अमुक लाकडाशिवाय आवाज लागत नाही असं कुणी सांगितलं, तर ऐकून घे आणि पैसे खिशात ठेव.

लाकडाचं खरं काम आहे न वाकणं, स्क्रू घट्ट धरणं आणि खांदा न दुखवणं. आपल्याकडं शिवणीचं लाकूड हलकं असतं, कापायला मऊ असतं आणि सहसा वाकत नाही. तेच घे. साग घेतलास तर बॉडी अर्धा-पाऊण किलोनं जड होईल आणि त्याच्या अंगातल्या तेलामुळं पॉलिश धरायला त्रास देईल. जुन्या वाड्याचं लाकूड मिळालं तर सोनंच, पण त्यात मोडलेले खिळे लपलेले असतात. राऊटरचा बिट अशा खिळ्यावर आदळला तर नुसता बिट जात नाही, माणूसही जखमी होतो. चुंबक फिरवून आधी सगळं लाकूड तपास. पावसाळा चालू आहे, म्हणून वखारीतून आणल्या आणल्या कापायला घेऊ नकोस. खाली-वर पट्ट्या देऊन, हवा खेळेल असं घरात ठेव आणि दिवाळीपर्यंत त्याच्याकडं बघूही नकोस.

घरी गिटार करणाऱ्यांमध्ये मला सगळ्यात आदर वाटतो तो ब्रायन मेचा. तू त्याला क्वीन या बँडमुळं ओळखतेस. (त्याच बँडचा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, हे तुझ्या मैत्रिणींना सांग.) लंडनच्या पश्चिमेला फेल्टममध्ये १९६३च्या ऑगस्टमध्ये सोळा वर्षांच्या ब्रायननं आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी गिटार करायला घेतली, ती पुरी व्हायला सुमारे दोन वर्षं लागली. विकत घ्यायला पैसे नव्हते. मान केली ती जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या मोहोगनीची. तिला कीड लागलेली होती, ती भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीच्या मध्यभागी जुन्या टेबलाचं ओक, कडेला ब्लॉकबोर्ड, वरून मोहोगनीचा पातळ पापुद्रा. मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे शिंपल्याची बटणं. आवाज थरथरवायच्या दांड्याचं टोक आईच्या विणायच्या सुईचं, आणि त्याच्या स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. पण नीट बघ, बापलेकानं कुठं जीव ओतला ते. थरथरवणारा तो सगळा भाग त्यांनी पोलादाच्या सुरीच्या धारेवर टेकवला, कारण तिथं घर्षण राहिलं तर तार आपल्या सुरावर परत येत नाही. लाकूड मिळेल ते घेतलं, सुराच्या जागी तडजोड केली नाही. ती गिटार तो आजही वाजवतो.

म्हणून आता सुराच्या जागांकडं वळू. पहिली म्हणजे तारेची लांबी. नटपासून (मानेच्या डोक्याकडच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंतचं हे अंतर फेंडरच्या गिटारीत ६४८ मिलिमीटर असतं, गिब्सनच्या त्याहून थोडं कमी. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, जागा गणितानं ठरते. एक सप्तक म्हणजे बारा समान पायऱ्या आणि बाराव्या पायरीला तार निम्मी, म्हणून दर पायरीला तारेची लांबी २च्या बाराव्या मुळानं, म्हणजे १.०५९४६नं भागायची. दुसऱ्या शब्दांत, उरलेल्या लांबीला १७.८१७नं भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. ६४८चा पहिला फ्रेट नटपासून ३६.३७वर, दुसरा ७०.७०वर, बारावा बरोबर ३२४वर. तू स्वतः फ्रेट बसवणार असशील तर प्रत्येक माप नटपासूनच घे. एका फ्रेटपासून दुसऱ्याचं माप घेत गेलीस तर दर वेळची कणभर चूक साचत जाते आणि शेवटच्या फ्रेटला ती उघड ऐकू येते. पॅटर्न शॉपमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी हेच शिकवत. सगळी मापं एकाच रेषेपासून.

पण माझं ऐकशील तर पहिल्या गिटारीची मान विकत घे. यात कमीपणा काही नाही. एडी व्हॅन हेलनची प्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटार अशीच बॉडी आणि मान सुटी विकत घेऊन जुळवलेली होती, आणि रंग त्यानं सायकलचा मारला होता. मानेवर सहा तारांचा मिळून सुमारे ४५ किलोंचा ताण असतो. तो पेलायला आत लोखंडी ट्रस रॉड, वर फळीला नेमका गोलावा, फ्रेटच्या चिरा ठरलेल्या रुंदीच्या, आणि शेवटी सगळे फ्रेट एका पातळीत घासणं. हे एक स्वतंत्र शिक्षण आहे. ते दुसऱ्या गिटारीला ठेव.

विकतच्या मानेनं फ्रेटची काळजी मिटते, ब्रिजची मिटत नाही. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोज आणि तेवढंच अंतर पुढं धर. ब्रिजवरचं बारीक ई तारेचं सॅडल, म्हणजे तिचा टेका, तिथं यायला हवं, आणि ते सॅडल आपल्या स्क्रूवर बरंचसं पुढं सरकवलेलं असायला हवं. कारण तार दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून प्रत्येक सॅडल थोडं मागं सरकवावं लागतं, जाड तारेचं जास्त. पुढं सरकवायची वेळ जवळजवळ येत नाही. मागं जागा ठेवली नाहीस तर जाड तार कधीच सुरात लागणार नाही.

दुसरी जागा मानेचा खाचा. लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण मान चार स्क्रूंनी बॉडीला आवळायची त्याची पद्धत इतकी सरळ होती की १९५०पासून आजवर ती चालू आहे. खाच्याची खोली सुमारे १६ मिलिमीटर, पण तू पुस्तकातला आकडा घेऊ नकोस, तुझ्या हातातली मान कॅलिपरनं मोज. आधी एमडीएफचं टेम्प्लेट कर आणि मान त्यात बसवून बघ. टेम्प्लेट बिघडलं तर दुसरं करता येतं. मग बेअरिंगचा बिट लावून राऊटरनं एका वेळी तीन-चार मिलिमीटरच खोल जा. स्क्रू न लावता मान खाच्यात दाबली आणि मानेला धरून बॉडी उचलली गेली, की समज खाचा जमला. डोळ्याला चष्मा आणि नाकाला चांगला मास्क लावल्याशिवाय राऊटर चालू करायचा नाही. शिसवाचा आणि सागाचा भुसा अंगाला खाज आणतो, तो छातीत गेलेला तर बरा नव्हेच.

आता एक काम सावकाश कर, घाई करू नकोस. मान खाच्यात बसवून शिकंज्यानं आवळ. शिवणकामाचे दोन दोरे घे. नटच्या दोन टोकाच्या खाचांतून ते काढून बॉडीच्या शेवटापर्यंत ताण आणि चिकटपट्टीनं धरून ठेव. मग शेवटच्या फ्रेटवर डोकं खाली घालून बघ, दोन्ही दोऱ्यांपासून फळीची कड सारख्याच अंतरावर आहे का. एका बाजूला तीन मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला दीड असेल, तर वाजवताना तार बोटाखालून घसरून फळीच्या बाहेर जाईल. दोऱ्यांची मागची टोकं केसभर सरकव, पुन्हा बघ. सारखं झालं की दोऱ्यांच्या मधोमध ब्रिज ठेव, टोच्यानं खुणा कर, आणि मगच ड्रिल हातात घे. हा अर्धा तास तुझ्या गिटारचं सगळं भवितव्य ठरवतो.

नट आणि सॅडल यांविषयी आणखी एक सांगतो, कारण मिरज इथून जवळ आहे आणि तू एकदा तिथं जावंस असं मला मनापासून वाटतं. शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथं तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे भोपळे येतात आणि सतारी, तंबोरे होऊन जगभर जातात. २०२४मध्ये त्यांना जीआय मानांकनही मिळालं. तिथं कारागीर जवारी लावताना बघ. घोडीचा माथा तो इतका अलगद उताराचा करतो की तार त्याच्यावर लोळत जाते आणि तिच्यातून झणकार उठतो. गिटारला नेमकं याच्या उलट हवं. नटच्या खाचेतून तार बाहेर पडते त्या कडेवर ती एकाच बिंदूला टेकायला पाहिजे. तिथं चुकून सपाटी राहिली तर गिटार सतारीसारखी झणकारते आणि मोकळी तार सुरात लागत नाही. दोन्ही वाद्यांत कस एकाच जागी लागतो, कानशीच्या दोन फेऱ्यांत. मिरजेत बसून हे बघितलंस तर पुस्तकं वाचावी लागणार नाहीत.

विजेचं काम सोपं आहे, पण एका बाबतीत सवलत नाही. ब्रिजपासून एक वायर अर्थला जोडायचीच, आणि अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या, खरोखर अर्थिंग असलेल्या प्लगवरच लावायचा. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सीत स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर शॉक लागून गेला. हातात गिटार होती आणि त्यानं अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावला. तुमच्या घरातलं अर्थिंग आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे. एका कॉइलच्या पिकअपला घरातल्या ५० हर्ट्झ विजेची घरघर ऐकू येते. ती नको असेल तर हंबकर घे. गिब्सनमधल्या सेथ लव्हरनं १९५५मध्ये शोधलेल्या या पिकअपमध्ये दोन कॉइल उलटसुलट जोडलेल्या असतात, त्यामुळं दोन्हींतली घरघर एकमेकींना खाऊन टाकते आणि तारेचा आवाज तेवढा उरतो. पिकअपच्या खाच्यात तांब्याची पट्टी चिकटवलीस तर आणखी शांत.

आता तुझ्या आवडीचा विषय, पॉलिश. तुला कारसारखी चकचकीत लाल गिटार हवी आहे, फवारून. फेंडरनंही पन्नाशीच्या दशकात कारचेच रंग वापरले, त्यांचा ‘फिएस्टा रेड’ हा फोर्ड गाड्यांवरचा रंग होता. हौस चांगली आहे. पण फ्लॅटच्या गॅलरीत एनसी लॅकर फवारू नकोस. त्याचा थिनर पेट्रोलसारखा पेट घेतो आणि वाफ घरभर पसरते, देवघरातलं निरांजनही पुरतं. शिवाय पावसाळ्यात हवेतली ओल ओल्या लॅकरवर बसते आणि पॉलिश पांढुरकं पडतं. फवारायचंच असेल तर दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, एखाद्या रंगवाल्याच्या शेडमध्ये, कार्ट्रिजचा मास्क लावून.

माझं मत विचारशील तर पहिली गिटार बोळ्यानं लाखेच्या पॉलिशची कर. चपडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्पिरिटमध्ये रात्रभर भिजव आणि गाळून घे. (स्पिरिटही पेटतं, तेव्हा शेगडीजवळ नको.) लाकूड आधी १२०, मग १८०, २४०, ३२० नंबरच्या कागदानं घास, नेहमी रेषांच्या दिशेनं. ओल्या फडक्यानं एकदा पुसून घे, लाकडाचे तंतू उभे राहतील. वाळल्यावर शेवटच्या कागदानं हलकं घास. हे एकदा केलंस तर पॉलिशमध्ये ते पुन्हा उठत नाहीत. मग कापसाचा बोळा धुवट सुती कापडात बांध, लाखेत बुडवून पिळ आणि न थांबता हात फिरवत राहा. मध्येच थांबलीस तर बोळा चिकटतो आणि डाग पडतो. थर पातळ, दोन थरांमध्ये वेळ भरपूर. लाख मात्र घामाला आणि दारूला टिकत नाही, जिथं मनगट घासेल तिथं काही वर्षांनी ती झिजेल. मला ते चालतं, कारण तिथंच पुन्हा बोळा फिरवला की नवी होते. फवारलेल्या लॅकरला हे सुख नाही.

तेलाचं फिनिश करावंसं वाटलं तर अळशीच्या तेलात भिजलेली फडकी कधी गोळा करून टाकू नकोस. ती आपोआप तापतात आणि पेट घेतात. दोरीवर पसरून वाळव.

लॅकरच केलंस तर शेवटच्या हातानंतर तीन-चार आठवडे त्याला हात लावायचा नाही. नाक जवळ नेऊन बघ, थिनरचा वास येत असेल तर ते आतून अजून ओलं आहे. मग १००० नंबरपासून २०००पर्यंत पाणकागदानं, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात घास आणि शेवटी कंपाउंड. कडांवर जपून, तिथं थर पातळ असतो आणि दोन हातांत लाकूड उघडं पडतं. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नकोस, लाकूड फुगून तिथलं पॉलिश तडकतं.

शेवटचं जुळवणं मी तुझ्याबरोबर बसून करीन. मानेची किंचित कमान ०.२ मिलिमीटरच्या आसपास, बाराव्या फ्रेटवर तारेची उंची दीड-दोन मिलिमीटर. त्यासाठी फीलर गेज लागेल, ते तुमच्या गल्लीतल्या दुचाकी मेकॅनिककडं नक्की असेल.

आता पावसाळाभर एवढंच काम कर. पूर्ण आकाराचं ड्रॉइंग काढ. त्यात आधी मधली रेषा, मग नट, बारावा फ्रेट आणि ब्रिजची रेषा. बॉडीचा आकार सगळ्यात शेवटी, तुला हवा तसा. ड्रॉइंगचा फोटो नको, कागद पोस्टानं पाठव, मी पट्टी लावून तपासतो. तोवर वखारीत शिवणीची दोन इंची फळी बघून ठेवतो. आक्काला सांग, फवारणी घरात होणार नाही, मामानं शब्द दिलाय.

तुझा
मामा